स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर दोन महिने मोटरहोममध्ये : ठाणे-नवी मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

मोटरहोम कुठे थांबणार आणि किती दिवस, हे चार गोष्टी ठरवतात: चांगल्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, संडासाची कॅसेट (संडासाखालची, सरकवून बाहेर काढता येणारी टाकी) आणि बॅटरी. यातली जी आधी भरेल किंवा संपेल, ती तुम्हाला तिथून उठवते. समोर समुद्र कितीही छान असो. ज्यांना हा हिशेब जमतो त्यांचे दोन महिने मजेत जातात. ज्यांना जमत नाही ते आठव्या दिवशी हॉटेल शोधू लागतात.

पुढची सगळी माहिती पोर्तुगालचा अल्गार्व्ह किनारा आणि तिथून पूर्वेला स्पेनमधला अंदालुसियाचा किनारा, म्हणजे साग्रेसपासून काबो दे गातापर्यंतच्या पट्ट्यासाठी आहे. गाडी भाड्याची धरली आहे. फारो आणि मालागा या दोन्ही विमानतळांच्या आसपास मोटरहोम भाड्याने मिळतात.

आधी दिवसांचा हिशेब

शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १ ऑक्टोबरला उतरलात तर सलग राहून नव्वदावा दिवस २९ डिसेंबरला येतो आणि पुन्हा आत पाय ठेवता येतो तो ३० मार्चपासून. पण हा झाला नियम. तुमच्यासाठी खरा आकडा व्हिसाच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथे मुक्कामाचे ४५ दिवस लिहिले असतील तर ४५च, मग व्हिसाची मुदत चार महिन्यांची का असेना. सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी यंत्रणा १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे शिक्का पुसट आला वगैरे सबबी आता चालत नाहीत.

ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मोठ्यांची फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. राहण्याचा पुरावा मागतात तिथे मोटरहोमवाले अडखळतात. गाडीचा भाडेकरार एवढाच जोडलात तर रात्री कुठे काढणार हा प्रश्न उरतो. करारासोबत तारीखवार मार्ग आणि कॅम्पसाइटची बुकिंग जोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बऱ्याच कॅम्पसाइट रद्द करता येणारी बुकिंग देतात. मार्ग खरा लिहा, नकाशावर बसणारा लिहा. रोज ३०० किलोमीटर दाखवणारा मार्ग कुणालाच पटत नाही.

दोन महिन्यांऐवजी वर्षभर असंच राहायचं मनात असेल तर टुरिस्ट व्हिसा उपयोगाचा नाही. पोर्तुगाल आणि स्पेन दोघांकडे परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा आहे, पण त्याला उत्पन्नाच्या पुराव्यासोबत राहण्याचा पक्का पत्ता लागतो. मोटरहोम हा पत्ता धरला जात नाही.

लायसन्स

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओत मिळतो: ठाणेकरांना एमएच-०४, वाशी-नेरूळकडच्यांना एमएच-४३, खारघर-पनवेलकडच्यांना एमएच-४६. फॉर्म ४ए, पासपोर्ट, व्हिसाची प्रत, चालू लायसन्स आणि १००० रुपये फी. अर्ज सारथी पोर्टलवरून भरायचा. परवाना एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही, दोन्ही सोबत हवेत.

इथे दोन अडचणी हमखास येतात. आपल्या लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि पासपोर्टवर नावांची मांडणी वेगळी असते. गाडी भाड्याने देणाऱ्याच्या काउंटरवरचा माणूस अक्षर न् अक्षर ताडून बघतो. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि दोन कागदांवर दोन आडनावं असतील तर ते निघण्याआधी दुरुस्त करून घ्या, तिथे प्रतिज्ञापत्र कुणी वाचत नाही. दुसरी अडचण नूतनीकरणाची. भाड्याने देणारे सहसा किमान एक ते तीन वर्षं जुनं लायसन्स मागतात आणि कार्डावरची नवी तारीख बघून तुम्हाला नवशिका समजतात. लायसन्स पहिल्यांदा कधी दिलं ती तारीख कार्डावर कुठे आहे हे आधीच बघून ठेवा.

आपलं हलक्या वाहनाचं लायसन्स भारतात ७५०० किलोपर्यंत चालतं. युरोपात त्याच्याशी जुळणारा ‘बी’ वर्ग ३५०० किलोपर्यंतच आहे. म्हणून कागदावर ३५०० किलोच्या वरची गाडी घेऊच नका.

अनामतीसाठी क्रेडिट कार्डच लागतं आणि तेही चालकाच्या नावाचं. फॉरेक्स कार्डवर रक्कम अडकवून ठेवता येत नाही म्हणून ते नाकारतात. एक ते अडीच हजार युरो अडकतील एवढी मर्यादा आणि परदेशी व्यवहाराची परवानगी बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा.

कुठली गाडी

सोसायटीच्या पार्किंगचा एक चौकोन साधारण ५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद असतो. त्याच्या पुढे खडूने एक मीटर वाढवा: ही झाली ६ मीटरची कॅम्परव्हॅन, रुंदी २.०५ मीटर. दोन मीटर वाढवा आणि रुंदी २.३ करा: ही झाली ७ मीटरची सेमी-इंटिग्रेटेड मोटरहोम (पुढे व्हॅनचीच केबिन, मागे रुंद डबा). त्या चौकोनात दोघांनी उभं राहून बघा, मग ठरवा. दोघांसाठी आमचं मत व्हॅनच्या बाजूने आहे. किनाऱ्यावरच्या गावांतले रस्ते अरुंद आहेत आणि ६ मीटरची गाडी दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये कशीबशी बसते, ७ मीटरची शेपूट बाहेर काढते. चौघांसाठी मात्र व्हॅन म्हणजे भांडणाला निमंत्रण.

उंचीही बघा. व्हॅन २.६ ते २.८ मीटर, मोटरहोम २.९च्या पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ३.१ किंवा जास्त. समुद्रकाठच्या अनेक पार्किंगच्या तोंडाशी साधारण २ मीटर उंचीवर आडवा बार असतो. तो मोटरहोमवाल्यांना अडवायलाच लावलेला आहे. गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डवर लावा.

वजनाचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. मोटरहोमचं चालू स्थितीतलं वजन ३००० किलोच्या आसपास असतं. त्यात ७५ किलोचा चालक आणि डिझेल धरलेलं असतं, पण पाण्याची पूर्ण टाकी बहुधा धरलेली नसते. उरलेल्या ५०० किलोंत बाकीची माणसं, सामान, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, सायकली आणि खुर्च्या-टेबल. चार मोठी माणसं आणि चार मोठ्या बॅगा घेतल्या की ही गाडी कागदावरच भरली. कडक कव्हरच्या सूटकेस आणूच नका, रिकाम्या झाल्यावर त्या ठेवायला जागा नसते. कापडी बॅगा घडी करून पलंगाखाली जातात.

पाणी आणि संडास

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

१०० लिटरच्या टाकीत दोन माणसांचं रोजचं गणित साधारण असं बसतं: पिणं आणि स्वयंपाक ६ लिटर, भांडी ८, हात-तोंड ४, दोन आंघोळी १२, फ्लश २. म्हणजे ३२ लिटर, तीन दिवस. पिण्याचं सोडलं तर जवळजवळ सगळं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं, म्हणून तीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरते. ६ लिटरची आंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. शॉवर चालू ठेवून उभं राहिलं की मिनिटाला तेवढंच पाणी जातं. गरम पाण्याचा बॉयलर बहुधा १० लिटरचा असतो. ६० अंशांचं ते पाणी थंडात मिसळून अंघोळीला साधारण १८ लिटर होतं. म्हणजे तीन आंघोळी. चौथ्या माणसाला वीस मिनिटं ते अर्धा तास थांबावं लागतं.

ठाण्यात शटडाउनच्या दिवशी दोन पिंपांवर घर चालवलेल्यांना यातलं काही नवीन नाही. ज्यांना ती सवय उरलेली नाही त्यांनी निघण्याआधी एका शनिवार-रविवारी घरी सराव करावा: मुख्य नळ बंद, दोघांसाठी ६५ लिटर पाणी पिंपात आणि सिंकखाली बादली. रविवारी संध्याकाळी किती उरलं त्यावर तिथे तुमचं काय होणार ते कळतं.

आता कॅसेट. मोटरहोमच्या संडासाखाली १७ ते २० लिटरची सरकवून बाहेर काढता येणारी टाकी असते. युरोपीय जोडप्याला ती दोन-तीन दिवस पुरते, कारण ते कागद वापरतात. आपण पाण्याने धुतो. दर वेळी एक लिटरचा मग ओतला तर कॅसेट दीड दिवसात भरते आणि सगळं वेळापत्रक त्या दीड दिवसाला बांधलं जातं. यावर उपाय सोपा आहे: २५०-३०० मिलीची, तोंडाशी वाकडी नळी असलेली पिळायची बाटली. ऑनलाइन ट्रॅव्हल बिडे म्हणून मिळते. प्रत्येकाची वेगळी घ्या. एवढ्या पाण्यात स्वच्छता होते आणि कॅसेट दोन दिवस जाते. लघवीसाठी दिवसा पेट्रोल पंप, कॅफे, सुपरमार्केट यांचे संडास वापरले तर तीन दिवसही.

रिकामी करताना क्रम पाळा. आधी संडासाच्या भांड्याखालची झडप बंद आहे ना ते बघा, नाहीतर कॅसेट सरकतच नाही. सर्व्हिस पॉइंटवर नळीचं तोंड खाली करून ओतताना मागचं हवेचं बटण दाबून धरा. ते विसरलं की गटगट आवाज करत शिंतोडे पायांवर येतात. दोन लिटर पाणी घालून हलवा, पुन्हा ओता. मग लिटरभर पाणी आणि औषध. निळं औषध सेप्टिक टँकमधले जंतू मारतं, म्हणून छोट्या गावांत आणि शेतावरच्या मुक्कामांत हिरवं वापरा. कॅसेटचा लाल दिवा लागला म्हणजे दोन-तीन लिटरचीच जागा उरली. ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्यांचा त्या रात्री पस्तावा होतो.

सर्व्हिस पॉइंटवर दोन नळ असतात: एक टाकी भरायचा, दुसरा कॅसेट धुवायचा. दुसऱ्या नळाला लोक कॅसेटचं तोंड चिकटवतात. त्याला तुमची पिण्याच्या पाण्याची नळी कधीच लावू नका. फलकावर ‘आग्वा पोताब्ले’ किंवा पोर्तुगालात ‘आग्वा पोताव्हेल’ असेल तरच पाणी टाकीत घ्या आणि पहिलं अर्धा मिनिट वाहू द्या. नळांच्या आट्या सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून अर्धा, पाऊण आणि एक इंचाचे जोड गाडीत आहेत का हे गाडी ताब्यात घेतानाच विचारा. जोड बसलाच नाही तर १० लिटरची झारी कामाला येते. पिण्यासाठी दुकानातले ५ ते ८ लिटरचे कॅन बरे.

सांडपाण्याच्या टाकीचा वास आपल्या जेवणामुळे लवकर सुटतो. वरणाचं पाणी, भाताची पेज आणि तेल टाकीत आंबतं. ताटं कागदाने पुसून मग धुवा, सिंकला बारीक जाळी ठेवा आणि गाडी चालताना सिंकची बुचं बंद करा. हे पाणी रस्त्यावर किंवा पावसाळी गटारात सोडणं बेकायदा आहे, रात्री कुणी बघत नसलं तरी.

गॅस आणि स्वयंपाक

स्वयंपाकाचा गॅस फारसा लागत नाही. दोन माणसांचं दोन वेळचं जेवण आणि चहा मिळून दिवसाला २०० ते २५० ग्रॅम. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर आणखी ३०० ग्रॅम, पाणी तापवायला १००. म्हणजे ११ किलोचं सिलेंडर सतरा दिवस. हीटर लावला की हा हिशेब कोसळतो. ४ किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात तासाला सुमारे ३२० ग्रॅम खातो, थंड रात्रीत एक ते दीड किलो सहज. मग तेच सिलेंडर पाच-सहा दिवसांत संपतं. अल्गार्व्हला डिसेंबर-जानेवारीत दिवसा १५-१७ अंश आणि रात्री ८च्या आसपास असतं, तेव्हा जाड पांघरूण घ्या आणि हीटर झोपायच्या आधी तासभर, सकाळी अर्धा तास एवढाच चालवा.

दोन्ही देशांची सिलेंडरं आणि रेग्युलेटर एकमेकांना लागत नाहीत. भाड्याची गाडी घेताना तीन गोष्टी विचारा: सिलेंडर कुठल्या देशाचं, बदली कुठे मिळतं आणि दुसऱ्या देशात संपलं तर काय करायचं. उत्तर गोलमाल आलं तर दोन भरलेली सिलेंडरं मागा. गाडी चालताना सिलेंडरचा कॉक बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून गॅसच्या कप्प्याच्या तळाशी मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. थंड वारा येतो म्हणून ती कापडाने बुजवणं हा जिवाशी खेळ आहे.

शेगडी लहान असते. दोन-तीन बर्नर एकमेकांना इतके खेटून की कुकर आणि कढई शेजारी बसत नाहीत. ३ लिटरचा कुकर घरून न्या (चेक-इन बॅगेत) आणि शिट्टी व्हायच्या आधी छताची खिडकी उघडा, नाहीतर सगळी वाफ थंड खिडक्यांवर पाणी होऊन गाद्यांत मुरते. दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून कुकर जाड टॉवेलात गुंडाळला की तूरडाळ शिजून तयार, गॅसही वाचतो. फोडणी झाकणाखाली आणि मंद आचेवर. मिरचीचा ठसका त्या एवढ्याशा खोलीत अर्धा तास टिकतो आणि धुराचा अलार्म ओरडू लागला तर शेजारची गाडी जागी होते. खिडक्या ॲक्रेलिकच्या असतात. हळदीचे डाग स्पिरिटच्या स्प्रेने पुसलेत तर त्यावर बारीक तडे जातात आणि अनामतीतून एक अख्खी खिडकी वजा होते. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बस.

तूप, पनीर, पेढे, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाही. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून न्या. डाळी, पोहे, गोडा मसाला, कोरड्या चटण्या चालतात. एपीएमसीतून पाच-पाच किलो मात्र उचलू नका, वजन आठवा. बेसन न्यायची गरजच नाही. अंदालुसियात चण्याचं पीठ साध्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, ‘आरिना दे गार्बान्सो’ या नावाने. पोर्तुगालात कोथिंबीर रोजच्या स्वयंपाकातली, जुडी कुठेही मिळते. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची दोन्हीकडे उत्तम. बिनमिठाचं लोणी आणून कढवलं की तुपाचा प्रश्न मिटतो. तांदूळ लांब दाण्याचा घ्या. पाएया या स्पॅनिश भाताचा बोंबा तांदूळ पाणी फार पितो आणि आपल्या भातासारखा होत नाही. स्पेनमध्ये बरीच सुपरमार्केट रविवारी बंद असतात, पोर्तुगालात उघडी असतात.

वीज

साधारण गाडीत ९५ अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी असते. ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ५७० वॉट-तास. विजेवरचा कॉम्प्रेसर फ्रिज एकटाच दिवसाला ४०० ते ६०० घेतो. त्यात फोन, लॅपटॉप, दिवे, पंप धरले की उभ्या गाडीत एक दिवसही निघत नाही. १०० वॉटचं सपाट लावलेलं सोलर पॅनेल डिसेंबरात इथे दिवसाला २००-२५० वॉट-तास देतं, जूनमध्ये त्याच्या दुप्पट. गाडी तासभर चालवली की साधारण ३०० मिळतात. म्हणून हिवाळ्यात एक तर रोज थोडं चालवा, नाहीतर दर तिसऱ्या दिवशी प्लगची सोय असलेला मुक्काम घ्या. लिथियम बॅटरीची गाडी मिळत असेल तर रोज दोन-चार युरो जास्त द्यायला हरकत नाही.

कॅम्पसाइटची वीज ६ किंवा १० अँपिअरची असते. ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट. २००० वॉटची इंडक्शन लावली की खटका पडतो, आणि रात्री दहाला ऑफिस बंद असतं. घरचा मिक्सर व्होल्टेजच्या दृष्टीने चालतो, पण बॅटरीच्या इन्व्हर्टरवर सुरू होताना जास्त करंट खेचून इन्व्हर्टर बंद पाडतो. वाटण घरून कोरडं करून न्या. निळ्या तीन पिनांची २५ मीटरची केबल पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली केबल मोठ्या लोडवर तापते आणि वितळते.

रात्री कुठे

दोन देश, दोन वेगळे कायदे, आणि दंड होतो तो बहुतेक यातल्या गोंधळामुळे.

स्पेनमध्ये वाहतूक खात्याच्या २०२३च्या सूचनेनुसार मोटरहोम रीतसर पार्क केलेली असेल तर आत कुणी झोपलंय की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. अट अशी की गाडी पार्किंगच्या रेषांच्या आत, जमिनीला फक्त चाकं टेकलेली, बाहेर काही पसरलेलं नाही, काही सांडत नाही. पायरी बाहेर काढली, गाडीच्या बाजूची गुंडाळती छत्री उघडली, जॅक टेकवले, बाहेरच्या बाजूला उघडणारी खिडकी उघडली, खुर्ची मांडली की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं. ओले कपडे आरशाला वाळत घातले तरी तेच. गाडी समतल करायला चाकाखाली घालायच्या उताराच्या पाट्याही रीतसर मुक्कामांवरच वापरा. आणि १९८८च्या किनारा कायद्याने प्रत्यक्ष वाळूवर, किनाऱ्याच्या सार्वजनिक पट्ट्यात गाडी लावणं आणि मुक्काम दोन्ही मना. याखेरीज प्रत्येक नगरपालिकेचे आपले नियम असतात, ते फलकावर वाचावे लागतात.

पोर्तुगालात २०२१मध्ये नियम कडक झाले आणि त्याच वर्षी थोडे सैलावले. तिथे रात्री ९ ते सकाळी ७ गाडीत माणूस असेल तर तो मुक्काम. संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि किनारा आराखड्याच्या पट्ट्यात तो फक्त नेमून दिलेल्या जागीच करता येतो. इतरत्र, स्थानिक मनाई नसेल तर, एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास. साग्रेसच्या उत्तरेचा व्हिसेंटिना किनारा आणि ओल्यांव-ताव्हिराकडचं रिया फोर्मोझा, हे दोन्ही संरक्षित. स्पेनमधलं काबो दे गाताही तसंच. सर्वांत देखणे कडे नेमके याच भागांत आहेत, म्हणून दिवसा तिथे आणि रात्री आत दहा-पंधरा किलोमीटरवरच्या मुक्कामाला, ही पद्धत बरी. स्पेनमध्ये परदेशी चालकाकडून दंड जागेवर घेतात आणि लगेच भरला तर निम्म्यावर सुटतो.

मोटरहोमसाठी राखून ठेवलेले मुक्काम साधारण ८ ते १५ युरोंत मिळतात. पाणी, निचरा, कधी वीज. कॅम्पसाइट २० ते ४०. आमच्या हिशेबात आठवड्याला दोन रात्री कॅम्पसाइट धरा: कपडे धुणं, भरपूर पाण्याची आंघोळ, बाहेर टेबल मांडून जेवण, सगळं तिथे उरकतं. पार्कफॉरनाइटसारख्या ॲपवर जागा बघताना गेल्या महिनाभरातले अभिप्राय वाचा. दोन वर्षांपूर्वी चालणारी जागा आज बारने बंद झालेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत जर्मनी-हॉलंडकडचे निवृत्त लोक अल्गार्व्हचे मुक्काम भरून टाकतात, दुपारी दोनच्या आत पोहोचा. महामार्गाच्या विश्रांतीच्या जागी रात्र काढू नका, आणि बीच पार्किंगमध्ये गाडी सोडून जाताना पासपोर्ट व लॅपटॉप आत ठेवू नका. काच फोडणारे भाड्याची गाडी ओळखतात.

भूमध्य समुद्राच्या बाजूला कोरड्या ओढ्यांचे रुंद पात्र दिसतात. सपाट, मोकळे, गावाजवळ. तिथे गाडी लावायचा मोह होतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने हेच ओढे काही मिनिटांत भरतात. तुमच्या डोक्यावर थेंबही पडलेला नसतो. २९ ऑक्टोबर २०२४च्या पुरात व्हॅलेन्सियाच्या भागात दोनशेहून जास्त माणसं गेली. पात्रात कधीच नाही, एका रात्रीपुरतंही नाही. स्पेनच्या दक्षिण टोकाच्या तारिफाला पूर्वेचा वारा लागला की तीन-चार दिवस सुटत नाही. तेव्हा गाडीचं नाक वाऱ्याकडे करा, किंवा सरळ काडिझकडे सरका.

चालवताना

उजवीकडून चालायचं हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मात्र शेजारी बसलेल्याने पहिला आठवडा मोठ्याने सांगत राहावं. घोडबंदर रोडवर डाव्या आरशाकडे दुर्लक्ष करून चालवायची सवय असेल तर ती इथे महागात पडते. गाडीची मागची टोकं मागच्या चाकांच्या दीड-दोन मीटर मागे लोंबत असतात, त्यामुळे जागेवरून पूर्ण वळवून निघालात की शेपूट उलट दिशेला झुलते आणि शेजारच्या गाडीचं दार घेऊन जाते. आधी मीटरभर सरळ, मग वळा. रिव्हर्स घेताना दुसऱ्याने उतरलंच पाहिजे, कॅमेरा असला तरी, कारण कॅमेऱ्याला वरची फांदी दिसत नाही.

३५०० किलोपर्यंतच्या मोटरहोमला स्पेनमध्ये महामार्गावर १२०, साध्या रस्त्यावर ९०ची मर्यादा आहे. ९५च्या पुढे जाऊ नका असा आमचा सल्ला, डिझेल १०० किलोमीटरला १०-१२ लिटरवरून एकदम वाढतं. गाडीला तीन झाकणं असतात: डिझेल, निळ्या टोपीचं अॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारा द्रव) आणि पाणी. घाईत पाण्याच्या टाकीत डिझेल ओतणारे दरवर्षी निघतात, आणि मग टाकी, पंप, नळ्या सगळं बदलावं लागतं. पंपावर डिझेलचं चिन्ह बी-७, नाव ‘गासोलेओ’. ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल, नावं फसवी आहेत. स्पेनमध्ये डिझेल आणि गॅस दोन्ही सहसा स्वस्त, म्हणून अल्गार्व्हला परतताना सीमेवरच्या आयामोंते या स्पॅनिश गावात टाकी भरून मग ग्वादियाना नदीचा पूल ओलांडा. अल्गार्व्हच्या ए-२२ रस्त्याचा टोल १ जानेवारी २०२५पासून रद्द आहे. स्पेनमध्ये मालागाच्या पश्चिमेला एपी-७वर अजून टोल लागतो, शेजारचा ए-७ फुकट आहे आणि रहदारीचा.

गाडी घेताना आणि देताना

ताब्यात घेताना तासभर मागून घ्या आणि सगळा वेळ व्हिडिओ चालू ठेवा: छत (शिडीवरून किंवा फोन काठीला लावून), चारही कोपरे, पुढच्या काचेवरचे बारीक टिपके, खिडक्यांवरचे ओरखडे, छत्रीचं कापड. टायरचा दाब दारावरच्या पट्टीवर छापलेला असतो, मागच्या चाकांना बऱ्याचदा ५ बारच्या वर लागतो. गाडी देणाऱ्यासमोर प्रत्येक गोष्ट एकदा चालवून बघा: पंप, बॉयलर, फ्रिज गॅसवर, हीटर, कॅसेटची झडप. ‘हे तुम्हाला कळेलच’ असं ऐकलं की तिथेच थांबा आणि करून दाखवायला सांगा.

देताना कॅसेट रिकामी आणि धुतलेली, सांडपाणी सोडलेलं, डिझेल भरलेलं, आतून झाडलेलं असावं लागतं. न धुतलेल्या कॅसेटचे वेगळे पैसे लावतात आणि ते कमी नसतात. म्हणून शेवटची रात्र परतीच्या जागेपासून अर्ध्या तासाच्या आतल्या, निचऱ्याची सोय असलेल्या मुक्कामावर काढा. उरलेली डाळ आणि तेल कॅम्पसाइटच्या सामायिक फळीवर ठेवता येतं, कुणीतरी घेतं. आणि पोर्तुगालात रात्र काढून स्पेनमध्ये गाडी द्यायची असेल तर पूल ओलांडताच घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळी दहाची वेळ दिली असेल तर ती पोर्तुगालातल्या नऊची समजा.